कागदावर नसलेली सायकल

एंजल उठायच्या आत मी सही करून टाकली.

दोन पानांचा इंग्रजी कागद होता. स्टेलाने इंग्लंडहून मोबाईलवर पाठवलेला. आदल्या दिवशी कोल्हारच्या स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तो छापून आणला, घरी येऊन ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचला आणि पिठाच्या डब्याखाली ठेवून दिला. सकाळी चहाचं आधण ठेवलं, पेन घेतलं आणि दोन्ही पानांखाली सही केली. शाळेत मुख्याध्यापक होतो तेव्हा दाखल्यांवर अशाच सकाळी घरून सह्या करून न्यायचो. सही माणसाची असते, ती कुठे केली याला काय महत्त्व, अशी माझी समजूत होती.

आणि खरं सांगायचं तर एंजलसमोर मला ती करायची नव्हती.

एंजल ही स्टेलाची मुलगी, माझी नात. स्टेला नर्स आहे. एंजल पाळण्यात असतानाच तिचे वडील दोघींना सोडून गेले आणि पुण्यात त्यांनी दुसरा संसार मांडला. कोर्टाने मुलीचा ताबा स्टेलाला दिला. पुढे स्टेलाला इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, तेव्हा एंजल अडीच वर्षांची होती. माझी बायको मरिया तेव्हा होती. तिनेच स्टेलाला सांगितलं, तू जा, आम्ही आहोत. मग मरियाही गेली. आता घरात मी आणि आठ वर्षांची एंजल.

इतक्या वर्षांनी स्टेलाला मुलीला तिकडे नेता येणार होतं. त्यासाठी एक गोष्ट कागदाने सिद्ध करायची होती, की मुलगी आजोबांकडे राहिली तरी तिला वाढवण्याची जबाबदारी एकट्या आईनेच घेतली. म्हणून माझं प्रतिज्ञापत्र हवं होतं, नोटरीपुढे केलेलं. मजकूर तिकडच्या वकीलबाईंनी बनवला होता. मराठीत तो असा होईल: सदर मुलीला मी केवळ राहण्यास जागा व जेवण दिले. तिचे शिक्षण, आरोग्य व संगोपन यांबाबतचे सर्व महत्त्वाचे निर्णय तिच्या आईनेच घेतले. त्यांत माझा सहभाग नव्हता.

स्टेला फोनवर म्हणाली होती, "पप्पा, वाईट वाटून घेऊ नका. इथल्या ऑफिसला असंच लागतं. तुम्हीच तिला वाढवलं असं त्यांना वाटलं, तर ते म्हणतील, मग राहू द्या की तिथेच."

"कागदाचं वाईट कसलं वाटायचंय," मी म्हणालो.

एंजलला उठवलं, वेणी घातली. शाळेला गणपतीची सुट्टी होती, त्यामुळे तिला बरोबर नेणंच भाग होतं. बाहेर पडलो तर शेजारच्या रंगुबाई शेणाची पाटी घेऊन दारात उभ्या.

"आज्या-नाती कुटं निगालात सकाळच्या पारी?"

"नगरला. वकिलाकडे कागद करायचेत."

"पोरीचं हाय व्हय?" त्यांनी पाटी खाली ठेवली. "मंग जानार म्हना ती."

"कागद झाले तर जाईल."

"आन् तुमी काय करनार वो गुरुजी, येकले?"

"काय करणार. भाकरी करीन."

"तुमची भाकरी बगितलीय म्या. कुत्रंबी इचारात पडतं." मग त्यांची नजर ओट्याशी लावलेल्या लाल सायकलीवर गेली. "सायकल काय इमानात घेत न्हाईत. आमच्या धनश्रीला हुईल ती."

"ती माझी आहे," एंजल म्हणाली.

"तुजीच हाय गं बाई. म्या कुटं खाल्ली."

एसटीच्या पाटीवर हल्ली अहिल्यानगर लिहिलेलं असतं. आम्ही नगरच म्हणतो. खिडकीजवळची जागा मिळाली. राहुरीच्या स्टँडवर पेरूवाली आली. एंजलने मीठ-तिखट लावलेला एक पेरू घेतला आणि विचारलं, "आजोबा, नगरला आईस्क्रीम खायचं?"

"सर्दी झाली होती ना परवा. मम्मीला विचारू."

"मम्मीचा फोन संध्याकाळी येतो. तोपर्यंत नगर निघून जाईल."

"मग पुढच्या वेळी खाऊ."

तिने सुस्कारा टाकला आणि डाव्या हाताचा अंगठा मिटला.

ही बोटं मिटायची रीत मी तिला लावली होती. स्टेला गेली तेव्हा फोनवर एंजल तिच्याशी बोलायचीच नाही. फोन कानाला लावला की माझ्या धोतरात तोंड लपवायची. लहान मुलाला काय, जो भरवतो तो आपला. तिला आईचा आवाज परका होत चाललाय हे मला दिसत होतं. शाळेत मुलांना हातचे धरायला बोटांवर शिकवलं होतं, तेच इथे वापरलं. दिवसभरात काही ठरवायची वेळ आली की मी ठरवायचं नाही. म्हणायचं, मम्मीला विचारू, आणि एक बोट मिटायचं. संध्याकाळी फोन आला की एकेक बोट उघडून एकेक गोष्ट विचारायची. कुठला फ्रॉक, कुठला डॉक्टर, केस कापायचे की वाढवायचे. हळूहळू ती फोनची वाट पाहायला लागली. पुढे पुढे तर भांडायलाही लागली आईशी, तेव्हा मला बरं वाटलं.

एकदा त्या बोटांत शाळेचाही प्रश्न होता. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकवलं. एंजल माझ्याच शाळेत जाईल असं मी धरून चाललो होतो. स्टेला म्हणाली, इंग्लिश मीडियमला घाला. दुसऱ्या दिवशी जाऊन घातलं.

नोटरी शामकांत मुळे यांचं ऑफिस जुन्या कोर्टाजवळ, जिन्याखालच्या खोलीत आहे. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकून एक बाक आणि शिक्क्यांचा एक लाकडी डबा. माणूस माझ्याच वयाचा, बोलका. आधी एंजलच्या कागदांच्या नकला घेतल्या. जन्माचा दाखला, कोर्टाचा हुकूम, शाळेचा बोनाफाईड. प्रत्येक नक्कल मूळ कागदाशेजारी धरून ओळीवर बोट ठेवत ताडून पाहिली, मग खाली शिक्का, सही आणि कोपऱ्यात लाल कागदी चकती. चकतीवर लोखंडी चाप दाबला की नक्षी उमटायची. एंजल बाकावरून उठून टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"दाबायचंय?" मुळे वकिलांनी विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं.

"नको," ते स्वतःच म्हणाले. "तू दाबलंस तर तुलाच इंग्लंडला नोटरी करून ठेवतील."

मग मी प्रतिज्ञापत्र पुढे केलं. त्यांनी ते उलटून पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"गुरुजी, हे काय? पेपर घरी सोडवून परीक्षेला आलात."

"सही माझीच आहे."

"तुमचीच असणार, इतकी वळणदार दुसऱ्या कुणाची असायची? पण मी शिक्का कशाचा मारतो? हा माणूस माझ्यासमोर आला, त्याला मजकूर समजला आणि त्याने माझ्यासमोर सही केली, याचा. एवढंच तर माझं काम आहे. हे चालणार नाही."

वर्गात मुलाची चूक दाखवली की तो जसा पाटीकडे बघत बसतो तसा मी त्या कागदाकडे बघत राहिलो. त्यांनी माझ्या मोबाईलवरून मजकूर मागवून नवी प्रत छापली. जुनी माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही फाडून टाका." मी ती घडी करून पिशवीत ठेवली.

"आता मला हे तुम्हाला मराठीत वाचून दाखवायला लागेल."

"मला इंग्रजी समजतं."

"दिसतंय. पण समजावून सांगितलं असं खाली मला लिहावं लागतं. न सांगता कसं लिहू?"

"मग तिला जरा बाहेर बसवतो."

"बाहेर कुठे बसवता, रस्ता आहे. बसू द्या बाकावर, खातीये पेरू."

ते वाचायला लागले. सावकाश, एकेक वाक्य, माझ्याकडे बघत. नाव, वय, राहणार कोल्हार. मुलीशी नातं. मग ते वाक्य आलं. सदर मुलीला मी केवळ राहण्यास जागा व जेवण दिले.

"आणि पाढे," एंजल बाकावरून म्हणाली.

मुळे वकील थांबले.

"जेवण आणि जागा आणि पाढे," ती म्हणाली. "एकोणतीसपर्यंत. वाचायला पण आजोबांनीच शिकवलं. टीचरनी नाही."

"एंजल, पेरू खा," मी म्हणालो.

"संपला."

वकिलांनी कागद खाली ठेवला. आवाज बदलला नाही, पण थट्टा गेली होती. "गुरुजी, हे शपथेवर आहे. तिकडची माणसं या कागदावर पोरीचं ठरवणार. मला विचारायलाच लागेल. ही म्हणते ते खरं की इथे लिहिलंय ते खरं?"

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, इतकं सोपं आहे. फक्त म्हणायचं, हिला मी वाढवलंय. खरं आहे, आणि आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलंय. मला कुणी बोल लावू शकणार नाही, स्टेलासुद्धा नाही. कागद होणार नाही, आणि संध्याकाळच्या एसटीने आम्ही दोघं घरी जाऊ. उद्या पुन्हा वेणी. परवा पुन्हा. पुढच्या वर्षी अपूर्णांक.

त्यांनी खुर्ची एंजलकडे वळवली. "बाळ, शिकवणं निराळं. मला सांग, तू आजारी पडलीस तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं, हे कोण ठरवतं?"

"मम्मी."

"ती तर तिकडे आहे."

"फोनवर ठरवते. मला टॉन्सिल झाले तेव्हा पण मम्मीनेच डॉक्टरशी बोलून ठरवलं, ऑपरेशन नको म्हणून."

"आणि शाळा?"

"मम्मी."

"आजोबा काय ठरवतात मग?"

एंजलने विचार केला. "आजोबांना काहीच ठरवता येत नाही," ती म्हणाली आणि हसली. "त्यांना आईस्क्रीमसुद्धा ठरवता येत नाही. हे बघा." तिने मिटलेला अंगठा वर धरला आणि बोटांची रीत त्यांना समजावून सांगितली. नीट सांगितली, पायरीपायरीने, मी शिकवलं होतं तशी.

मुळे वकिलांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "हे तुम्ही लावलंत?"

"हो."

"म्हणजे कागद खरा आहे."

"खरा आहे," मी म्हणालो. तो खराच होता. रोज संध्याकाळी मीच तो खरा करत आलो होतो.

त्यांनी पेन पुढे केलं. मी ते घेतलं, आणि मग मला राहवलं नाही. "एक गोष्ट आहे. सायकल मी न विचारता घेतली."

"कुठली सायकल?"

"हिची. गेल्या वर्षी. हिची आई नको म्हणाली असती, आमच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असतात. म्हणून विचारलंच नाही. श्रीरामपूरहून घेऊन आलो आणि नदीकडच्या रस्त्यावर शिकवली."

वकील हसले नाहीत. त्यांनी कागदावरची ओळ शोधून त्यावर बोट ठेवलं. "इथे सर्व महत्त्वाचे निर्णय असं आहे. सायकल महत्त्वाची असेल तर हे वाक्य बदलायला हवं. मग तिकडच्या वकिलाला विचारा, नवा मजकूर मागवा, पुन्हा या. नसेल तर सही करा. तुम्ही सांगा."

एंजल माझ्याकडे पाहत होती. तिला सायकल यायला लागली तो दिवस मला आठवला. मी मागे कॅरिअर धरून पळत होतो, प्रवरेचा वारा समोरून येत होता आणि ती ओरडत होती, आजोबा सोडू नका. मी सोडलं होतं, तिला कळलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "सायकल महत्त्वाची नव्हती."

सही केली. अक्षर सकाळसारखं आलं नाही. त्यांनी शिक्का मारला, चकती लावली, चाप दाबला आणि मोठ्या वहीत पुन्हा एकदा माझी सही घेतली.

परतीच्या गाडीत विळद घाट उतरल्यावर एंजल म्हणाली, "तुम्ही त्यांना खोटं सांगितलं."

"काय खोटं?"

"तुम्हाला माहितीये."

ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी तिच्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोटही तिने मिटलं होतं.

संध्याकाळी फोन आला. आधी अंगठा उघडला. आईस्क्रीम चाललं असतं, स्टेला म्हणाली. मग दुसरं बोट. "मम्मी, माझी सायकल महत्त्वाची आहे की नाही?"

"आहे की, राणी. पण ती विमानात नाही नेता येत. इथे आपण नवीन घेऊ. पिवळी घ्यायची?"

"गिअरची?"

"गिअरची."

त्यानंतर त्या दोघी गिअरविषयी बोलत बसल्या. मी आत जाऊन कणीक भिजवली.

पुढचं सगळं सुरळीत झालं. कागद गेले, पोचले, मंजूर झाले. डिसेंबरात नाताळाला स्टेला आली. आम्ही तिघं चर्चला गेलो, कबरस्तानात मरियाच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. सुट्टी संपली तशा त्या दोघी निघाल्या. शिर्डीहून विमान होतं, पुढचं मुंबईहून. एंजलने मला मिठी मारली आणि कानात एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवला, विसरणार नाही याचा पुरावा म्हणून. घाईत एकोणतीस नव्वे खाल्लं. मी सुधारलं नाही.

रंगुबाई आठवडाभर थांबल्या असतील. मग एक दिवस ओट्यापाशी आल्या.

"गुरुजी, सायकलीचं काय ठरलं? नुसती धूळ खाती. आमची धनश्री रोज इचारती."

"विचारून सांगतो," मी म्हणालो, आणि त्या गेल्यावर पाहिलं तर माझा डावा अंगठा मिटलेला.

फोन हल्ली रोज येत नाही. आला तेव्हा तिकडे शाळेची गडबड होती. मागे एंजलचा आवाज येत होता, मोजा सापडत नव्हता. मी स्टेलाला सायकलीचं विचारलं.

"पप्पा, असलं काय मला विचारता?" ती म्हणाली. "तुम्हीच ठरवा ना. तुमचीच आहे ती." मग फोनपासून तोंड बाजूला करून, "एंजल, दुसरा घाल," आणि मग मला, "ठेवते हां, बस चुकेल."

फोन बंद झाल्यावर मी अंगठा उघडला. बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तो लांब जाईपर्यंत ऐकत बसलो.

दुसऱ्या दिवशी रंगुबाईंना सांगितलं, "सायकल देणार नाही. धनश्रीला चालवायला शिकवीन मात्र."

"आन् शिकल्याव?"

"शिकल्यावर बघू."

"तुमचं बाई कायतरीच," त्या म्हणाल्या, पण पोरीला पाठवलं.

धनश्री एंजलहून लहान आहे, सहा वर्षांची. तिचे पाय पुरत नाहीत. म्हणून ती यायच्या आधी मी पाना घेऊन सीट खाली घेतो. नदीकडच्या रस्त्यावर आम्ही तासभर जातो. पोरगी धीट आहे, मला पळवते, मी कॅरिअर धरतो आणि मला दम लागतो. घरी आलो की ती जाते. मग मी ओट्यावर बसून फडक्याने चाकं पुसतो आणि सीट पुन्हा एंजलच्या मापाला वर करून ठेवतो. रोज खाली, रोज वर. नटाची कड आता झिजत आलीये.

एंजलची उंची तिकडे वाढत असणार, हे मला कळतं. किती वाढली ते विचारीन म्हणतो, पुढचा फोन आला की.